डिस्ने वर्ल्डमध्ये कुटुंबासोबत झटपट जेवण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये चार पार्क आहेत: मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडम. अमेरिकेतल्या मुलाकडे किंवा मुलीकडे आलेले आईवडील, शाळेच्या सुट्टीत भारतातून आलेली कुटुंबं, शिवाय तिथेच राहणारे मराठी लोक, यांचे जेवणाबद्दलचे प्रश्न जवळपास सारखेच असतात. त्यांची उत्तरं इथे आहेत. मेनू आणि किमती वरचेवर बदलतात. म्हणून पदार्थांची नावं ही दिशा समजावी आणि निघायच्या आदल्या रात्री डिस्नेच्या अ‍ॅपमध्ये त्या दिवसाचा मेनू पाहून घ्यावा.

क्विक सर्व्हिस म्हणजे काय? त्याला आरक्षण लागतं का?

काउंटरवर ऑर्डर द्यायची, ट्रे उचलायचा आणि मोकळं टेबल पाहून बसायचं, ही क्विक सर्व्हिस. तिला आरक्षण लागत नाही आणि टिपही द्यावी लागत नाही. वेटर येऊन वाढतो ती टेबल सर्व्हिस. तिथलं आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं, लोकप्रिय जागा लगेच भरतात, १८ ते २० टक्के टिप द्यावी लागते आणि सहा किंवा जास्त माणसं असली की १८ टक्के बिलातच धरलेले असतात. मुलं लहान असतील आणि आजी-आजोबा सोबत असतील तर दिवसातलं एक जेवण क्विक सर्व्हिसमध्ये, एक वेळ खाऊवर आणि हवंच असेल तर एखाद्या संध्याकाळी टेबल सर्व्हिस, ही विभागणी चांगली जमते. दोन्ही वेळा टेबल सर्व्हिस ठरवली की राइडच्या मध्येच आरक्षणाची वेळ येते आणि सगळा दिवस घड्याळाच्या ताब्यात जातो.

मोबाइल ऑर्डर कशी करायची?

फोनमध्ये ‘माय डिस्ने एक्सपीरियन्स’ हे अ‍ॅप लागतं. पार्कमध्ये वाय-फाय मोफत आहे, पण गर्दीत ते मंदावतं. म्हणून कुटुंबातल्या निदान एका फोनवर अमेरिकेत चालणारा डेटा असू द्या. क्रम असा:

१. अ‍ॅपमध्ये ‘ऑर्डर फूड’ उघडून पार्क आणि जागा निवडा.
२. पोहोचायची वेळ निवडा. वेळेचे गाळे साधारण अर्ध्या तासाचे असतात.
३. पदार्थ घाला. कांदा नको, चीज नको, सॉस वेगळा हवा, हे पर्याय त्या त्या पदार्थाच्या आत असतात, त्यामुळे प्रत्येक पदार्थ उघडून बघा.
४. पैसे भरा.
५. निवडलेली वेळ आली आणि तुम्ही जवळ पोहोचलात की ‘मी आलोय, ऑर्डर तयार करा’ या अर्थाचं बटण दाबा.
६. खिडकीचा क्रमांक फोनवर येतो. तिथून ट्रे घ्या.

बहुतेकांचं गाडं पाचव्या पायरीवर अडतं. पैसे भरले म्हणजे स्वयंपाक सुरू झाला असं वाटतं आणि माणसं खिडकीपाशी उभी राहतात. ते बटण दाबेपर्यंत आत काहीच बनत नाही. हे सोयीचंही आहे: राइडच्या रांगेत अडकलात तर अन्न गार होत नाही, आणि बटण दाबायच्या आधी ऑर्डर रद्द करता येते.

दुसरी अडचण वेळेच्या गाळ्यांची. दुपारी साडेबाराला भूक लागल्यावर अ‍ॅप उघडलं तर जवळचे गाळे संपलेले असतात आणि पहिली मिळणारी वेळ दीडची असते. म्हणून ऑर्डर सकाळीच, पहिल्या राइडच्या रांगेत उभं असताना टाकून ठेवावी. या एका सवयीमुळे पार्कमधलं जेवणच काय, पुढची सगळी दुपार सोपी होते.

एकाच ठिकाणी सगळ्यांच्या आवडीचं मिळत नसेल तर शेजारशेजारच्या दोन जागांहून वेगवेगळ्या ऑर्डर करा. दोन फोन, दोन माणसं आणि टेबल एकच. कोणी हरकत घेत नाही.

भारतीय कार्ड अ‍ॅपमध्ये चालत नाही. काय करायचं?

आधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार आणि ऑनलाइन व्यवहार हे दोन्ही पर्याय सुरू आहेत का ते पाहा. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमांमुळे नवीन कार्डांवर परदेशी वापर मुळात बंद असतो आणि तो ग्राहकाने स्वतः सुरू करावा लागतो. हे भारतातून निघण्याआधीच करा, कारण ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो आणि तिकडे रोमिंग नसेल तर पुढे काही करता येत नाही. एवढं करूनही अ‍ॅप कार्ड घेत नसेल तर पार्कमधल्या दुकानातून डिस्नेचं गिफ्ट कार्ड घ्या आणि त्याचा क्रमांक अ‍ॅपमध्ये घाला. दुकानातल्या मशीनवर तेच भारतीय कार्ड बहुधा चालून जातं. शेवटचा उपाय म्हणजे रांगेत उभं राहून काउंटरवर ऑर्डर देणं.

जेवायची योग्य वेळ कोणती?

सकाळी साडेदहा ते सव्वाअकरा, नाहीतर दोननंतर. साडेअकरा ते दीड ही सगळ्यात जास्त गर्दीची वेळ, आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसात. आपल्याकडे नाश्ता उशिरा आणि जेवण दीडला असतं. ती घडी इथे दोन दिवस बदलावी लागते. पार्क उघडताना पोहोचायचं असेल तर खोलीवर सातला पोटभर नाश्ता आणि अकराला जेवण. मग मुलं तीनच्या सुमाराला पुन्हा भुकेली होतात, पण तेव्हा आइस्क्रीम किंवा पॉपकॉर्नवर भागतं.

सहा जणांच्या एका जेवणाला किती खर्च येतो?

मोठ्यांचा एक मुख्य पदार्थ साधारण १२ ते १८ डॉलरला, मुलांचं जेवण ८ ते १० डॉलरला धरा. वर विक्रीकर साडेसहा टक्के. चार मोठे आणि दोन मुलं असा हिशोब केला तर चार पदार्थ सरासरी १५ डॉलरने ६०, मुलांचे १८, कर धरून सुमारे ८३ डॉलर. पण पदार्थ मोठे असतात. चार मोठ्यांना तीन पदार्थ आणि एक जास्तीचे फ्राइज पुरतात, तेव्हा हाच आकडा ७२ च्या आसपास येतो. वाटून खाण्यात काही गैर नाही. रिकामी वाटी आणि जास्तीचे काटे-चमचे मागितले की देतात.

प्रत्येकाने आपापलं मागवण्यापेक्षा तीन वेगवेगळे पदार्थ मध्ये ठेवून सगळ्यांनी चाखावेत, हे आमचं ठाम मत आहे. नवीन चव आवडली नाही तरी पंधरा डॉलर वाया जात नाहीत, आणि आजीही टोफूचा एक घास खाऊन बघते.

पाणी विकत घ्यावं लागतं का?

नाही. जिथे थंड पेयाचं मशीन आहे अशा कुठल्याही क्विक सर्व्हिस काउंटरवर बर्फाच्या पाण्याचा ग्लास फुकट मिळतो. काही विकत घ्यायची गरज नसते. फ्लोरिडाच्या नळाच्या पाण्याला थोडा वास येतो. मुलं पीत नसतील तर लिंबाचं सरबत होईल अशी पावडर सोबत ठेवा. अ‍ॅनिमल किंगडममध्ये ग्लासाला प्लास्टिकचं झाकण आणि प्लास्टिकचा स्ट्रॉ मिळत नाही, कारण उडून पिंजऱ्यात गेलं तर प्राण्यांच्या घशात अडकेल. छोट्या मुलासाठी झाकणाचा पेला घरून न्या.

मुलांच्या जेवणात काय येतं?

मुख्य पदार्थ (मॅक अँड चीज, चिकन, चीजचा पिझ्झा असं काही), दोन छोट्या जोडपदार्थांची निवड आणि दूध किंवा पाण्याची लहान बाटली. जोडपदार्थांत संत्र्यासारखं फळ, सफरचंदाचा गर, गाजर असतं. डिस्नेच्या तिकिटात तीन ते नऊ वर्षं म्हणजे लहान मूल, पण क्विक सर्व्हिसमध्ये वय कोणी विचारत नाही. कमी खाणाऱ्या आजोबांनीही किड्स मील घेतलं तर चालतं.

आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. मेनूतल्या हिरव्या पानावर विसंबावं का?

डिस्नेने ऑक्टोबर २०१९ पासून डिस्ने वर्ल्डच्या मेनूत पानाचं चिन्ह वापरायला सुरुवात केली. त्याचा अर्थ पदार्थात मांस, दूध, अंडं आणि मध यांतलं काहीच नाही. म्हणजे आपल्याकडच्या पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्यापेक्षा हे जास्त कडक. यातून उलटा गोंधळ होतो: साध्या चीज पिझ्झावर पान नसतं, म्हणून तो मांसाहारी आहे असं समजून माणसं उपाशी राहतात. पान असेल तर निर्धास्त खा. पान नसेल तर वर्णन वाचा आणि विचारा.

विचारायच्या जागा ठरलेल्या आहेत. सूप आणि मसालेभातासारखा भात चिकनच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. बेक्ड बीन्समध्ये बऱ्याचदा डुकराचं मांस असतं. सीझर ड्रेसिंग आणि वूस्टरशर सॉसमध्ये अँचोव्ही हा मासा असतो. मिकीच्या आकाराचा राइस क्रिस्पी ट्रीट शाकाहारी दिसतो, पण तो मार्शमेलोने बांधलेला असतो आणि मार्शमेलोत जिलेटिन, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासूनचा घटक असतो. पार्मेझान चीजमध्ये पारंपरिक पद्धतीने वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. अंडं चालत नसेल तर वॉफल, केक, कुकी आणि मऊ गोडसर बन यांच्याबद्दल विचारा.

तळणाचं तेल हा वेगळा मुद्दा. फ्राइज ज्या तेलात तळतात त्यातच चिकन किंवा मासा तळला जात असेल. पान असलेल्या पदार्थालाही वेगळ्या कढईची हमी नसते. हे चालत नसेल तर काउंटरवर ‘कास्ट मेंबर’ला (डिस्नेच्या कर्मचाऱ्याला) सांगून शेफशी बोलायची विनंती करा. शेफ बाहेर येऊन नीट समजावून सांगतात आणि जमत असेल तर वेगळं करून देतात. मोबाइल ऑर्डरमध्ये हे संभाषण होत नाही, म्हणून अशा वेळी रांगेतच उभं राहा.

आणि ‘इम्पॉसिबल बर्गर’बद्दल आधीच घरच्यांना कल्पना द्या. तो पूर्ण वनस्पतीजन्य आहे, पण त्यात सोयाबीनपासूनचं हीम (रक्तातही असणारा लोहयुक्त घटक) घालतात, त्यामुळे रंग आणि चव गोमांसासारखी लागते. जन्मभर शाकाहारी असलेल्या माणसाला पहिल्या घासालाच ते नकोसं होऊ शकतं.

मांस खातो, पण बीफ आणि पोर्क नको.

नुसतं बर्गर म्हटलं की बीफ. हॉट डॉग, मीटबॉल, चिली, नाचोजवरचा खिमा यांतही तेच धरून चाला. पेपरोनी पोर्क-बीफची असते आणि बेकन पोर्कचं. सॅलडवर, सूपवर, बटाट्यावर बेकनचे तुकडे न सांगता येतात, म्हणून ‘नो बेकन’ हा पर्याय निवडा. अ‍ॅनिमल किंगडममधल्या सातुली कँटीनचे वाफवलेले पांढरे गोळे मोदकासारखे दिसतात, पण ते चीजबर्गर पॉड आहेत आणि आत बीफ आहे. चिकन टेंडर्स जवळजवळ सगळीकडे मिळतात आणि मुलांना आवडतात.

चारही पार्कांत नेमकं कुठे खावं?

झटपट जेवणासाठी आमचा पहिला क्रमांक अ‍ॅनिमल किंगडममधल्या सातुली कँटीनला. पँडोरा हा भाग मे २०१७ मध्ये उघडला तेव्हापासूनची ही जागा. इथे बोल मिळतो: खाली भात, नूडल्स किंवा पालेभाजी, वर चिकन, मासळी किंवा तिखट टोफू, त्यावर आपल्या आवडीचा सॉस. आपल्या जिभेला भात लागतो आणि थोडा झणका लागतो, ते दोन्ही इथे जमतं. सॉस नेहमी वेगळा मागा, म्हणजे मुलांचा भात साधा राहतो. आत एसी आहे. वर येणारे छोटे रंगीत गोळे फोडले की आत फळाचा रस असतो, मुलांना त्याचंच अप्रूप. याच पार्कातलं फ्लेम ट्री बार्बेक्यू पाण्याकाठी आहे आणि जागा फार सुंदर, पण पदार्थ मांसाचे. शाकाहारी माणसाने तिथे बसायला जावं, जेवायला नव्हे.

एपकॉटमध्ये निवड सगळ्यात मोठी. वर्ल्ड शोकेसमध्ये ११ देशांची दालनं आहेत आणि ती साधारण अकराला उघडतात. भारताचं दालन नाही. मेक्सिकोच्या ला कँटिना दे सान आन्हेलमध्ये चिप्स आणि ग्वाकामोले (अव्होकाडोची चटणी) तळ्याकाठी बसून खाता येतं. फ्रान्सच्या ले हाल बेकरीत क्रोसाँ, बगेत आणि गोड पदार्थ आहेत. सँडविचमध्ये हॅम असतं, ते बघून घ्या. जपानच्या कात्सुरा ग्रिलमध्ये नूडल्सचा रस्सा आणि करी शाकाहारी समजू नका, कारण जपानी रश्श्याचा पाया असलेला दाशी बहुधा माशाचा असतो. देशोदेशी फिरायची ताकद नसेल तर पुढच्या भागातलं कनेक्शन्स ईटरी घ्या. एप्रिल २०२२ मध्ये उघडलेली ही जागा प्रशस्त, एसी, पिझ्झा-सॅलड-बर्गरची. द लँड या इमारतीतलं सनशाइन सीझन्सही आतल्या आत असल्याने पावसात उपयोगी पडतं.

मॅजिक किंगडममध्ये गर्दी सगळ्यात जास्त आणि पदार्थ सगळ्यात साधे. कॉस्मिक रेज मोठं आहे, तिथे बर्गर-चिकन मिळतं आणि मुलांसाठी गाणारा यांत्रिक परग्रहवासी आहे. पिनोकिओ व्हिलेज हाउसमध्ये चीजचा फ्लॅटब्रेड मिळतो आणि खिडकीतून ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’च्या होड्या दिसतात. शाकाहारी कुटुंबात पाच-सहा वर्षांचं मूल असेल तर हीच जागा धरा. पेकोस बिलमध्ये भात-बीन्स किंवा नाचोज मांस वगळून मागता येतात. कोलंबिया हार्बर हाउसचा वरचा मजला खालच्यापेक्षा शांत असतो.

हॉलिवूड स्टुडिओजमध्ये टॉय स्टोरी लँडचं वूडीज लंच बॉक्स नावाजलेलं आहे. तिथलं ग्रिल्ड चीज सँडविच आणि टोमॅटो-तुळशीचं सूप शाकाहारी मुलांना हमखास आवडतं. सूप कशात शिजवलं ते मात्र विचारा. बसायची जागा थोडी, सावली त्याहून थोडी. म्हणून सकाळी किंवा ऊन उतरल्यावरच जा. स्टार वॉर्सच्या भागातलं डॉकिंग बे ७ आत बसायला चांगलं, पण पदार्थांना परग्रहावरची नावं दिलेली असतात. नाव सोडा, खालचं वर्णन वाचा. जवळच मिळणारं निळं दूध नारळ आणि तांदळाच्या दुधाचं असतं, गाईचं नाही. ते खूप गोड लागतं, एक घेऊन चौघांनी चाखा.

मासे खाणाऱ्यांसाठी काय?

कोकण-गोव्याकडच्या माणसाला कालवण मिळणार नाही, पण तळलेला मासा मिळतो. मॅजिक किंगडममधलं कोलंबिया हार्बर हाउस आणि एपकॉटमधलं यॉर्कशायर काउंटी फिश शॉप ही त्यासाठीची ठिकाणं. मासा पांढरा, काटे काढलेला, जाड पिठात तळलेला, चवीला अगदी सौम्य. मीठ आणि माल्ट व्हिनेगर सढळ घाला. लिंबू आणि तिखटाची पुडी जवळ असेल तर फारच चांगलं.

जैन किंवा उपवासाचं काही मिळतं का?

मुद्दाम बनवलेलं नाही. जवळजवळ सगळ्या सॉसमध्ये कांदा-लसूण असतो. जैन कुटुंबाने फळांचा कप, पॉपकॉर्न, साधा चीज पिझ्झा किंवा पास्ता (सॉसची चौकशी करून) आणि अननसाचं आइस्क्रीमसारखं डोल व्हिप यांवर दिवस काढायची तयारी ठेवावी, बाकी घरून न्यावं. एकादशी किंवा चतुर्थी पार्कच्या दिवशी येत असेल तर राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, बटाट्याचा उपासाचा चिवडा आणि तिथे मिळणारी केळी-सफरचंदं पुरतात. फ्राइज उपवासाला घेऊ नका, तेलाचा मुद्दा वर आलाच आहे.

घरचं जेवण आत नेता येतं का?

हो, आणि ही डिस्नेची मोठी सवलत आहे. अट अशी की काचेचं भांडं नको (बाळाच्या अन्नाच्या छोट्या बाटल्या चालतात), मद्य नको, गरम करावं लागेल किंवा उग्र वास येईल असं अन्न नको. सुटा बर्फ आणि ड्राय आइस नेता येत नाही, गोठवलेले जेल पॅक चालतात. पिशवी किंवा कूलर २४ इंच लांब, १५ इंच रुंद आणि १८ इंच उंचीपेक्षा मोठा नको.

सगळ्यात भरवशाची शिदोरी म्हणजे दशमी किंवा तिखट-मिठाच्या पुऱ्या, सोबत कोरडी शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा. एका मोठ्या माणसामागे चार पुऱ्या किंवा तीन दशम्या पुरतात. थालीपीठ, पराठे चालतात, पण बटाट्याचं सारण उन्हात लवकर आंबतं. दहीभात टाळाच. उन्हाळ्यात ऑर्लँडोचं तापमान ३२ अंशांच्या वर जातं आणि तेवढ्या उष्णतेत शिजवलेलं अन्न तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, असं अमेरिकेच्या कृषी खात्याचं सांगणं आहे. लसणाची चटणी आणि लोणचं घट्ट झाकणाच्या छोट्या प्लास्टिकच्या डबीत न्या. सुकट-बोंबील नकोच.

स्टीलचे डबे नेता येतात, पण प्रवेशद्वाराच्या तपासणी यंत्रात ते सहसा अडतात. डबे पिशवीतून काढून हातात धरून चाललात तर पिशवी उघडून पाहण्याची शक्यता कमी होते.

भारतातून पीठ-चटण्या आणणार असाल तर विमानतळावर सगळं अन्न जाहीर करा. तांदूळ, मांसाचे पदार्थ आणि ताजी फळं आणू नका.

बाळासाठी वरणभात गरम करायचा आहे.

प्रत्येक पार्कमध्ये बेबी केअर सेंटर आहे: मायक्रोवेव्ह, सिंक, उंच खुर्च्या, दूध पाजायला वेगळी खोली. मॅजिक किंगडममध्ये ते क्रिस्टल पॅलेसशेजारी आहे, एपकॉटमध्ये ओडिसी इमारतीत, हॉलिवूड स्टुडिओजमध्ये प्रवेशद्वाराजवळ आणि अ‍ॅनिमल किंगडममध्ये डिस्कव्हरी आयलंडवर. हे बाळांसाठी आहे, मोठ्यांच्या पराठ्यांसाठी नाही. वरणभात घरून न्यायचा तर जेल पॅकला चिकटवून ठेवा आणि सकाळच्या पहिल्या जेवणालाच संपवा. त्यापेक्षा सोपं म्हणजे कोरडं नाचणी सत्त्व किंवा भाजलेल्या तांदळाची पेज-पावडर न्यावी आणि तिथे गरम पाण्यात कालवावी.

चहाचं काय?

चारही पार्कांत स्टारबक्स आहे. तिथला चाय लाटे गोड पाकापासून करतात आणि तो आपला चहा नव्हे. चहा प्रीमिक्सच्या पुड्या जवळ ठेवा आणि कपभर गरम पाणी मागा, बहुतेक काउंटरवर देतात. आजी-आजोबांची दुपार यावर टिकते.

शेंगदाणे किंवा दुधाची अ‍ॅलर्जी असेल तर?

अ‍ॅपमध्ये आणि काउंटरवर अ‍ॅलर्जीचा वेगळा मेनू असतो. त्यात गहू, दूध, अंडं, मासे, कवचाचे मासे, शेंगदाणे व सुकामेवा, सोया आणि तीळ असे घटक वेगळे दाखवलेले असतात. मोबाइल ऑर्डर करताना तोच मेनू निवडा, नाहीतर सूचना स्वयंपाकघरापर्यंत जात नाही. आपल्या शेंगदाण्याच्या चटणीची डबी शेजारच्या टेबलावर उघडताना इतरांचाही विचार करावा.

टेबल आधी धरून ठेवता येतं का?

गर्दीच्या वेळी दारावरचे कर्मचारी ऑर्डर तयार झालेल्यांनाच आत सोडतात. सोबत वयस्कर माणूस असेल तर तसं सांगा, बसायला आधी जाऊ देण्याची शक्यता बरी असते. उघड्यावरच्या टेबलांवर पक्ष्यांचा त्रास आहे. पांढरे आयबिस आणि काळे ग्रॅकल टेबलावरचे फ्राइज उचलून नेतात. ट्रे सोडून सगळे एकदम उठू नका, आणि पक्ष्यांना खायला घालू नका. जून ते सप्टेंबरमध्ये दुपारी तीन-चारला वादळी पाऊस ठरलेला. तेव्हा सगळं पार्क आतल्या जागांकडे पळतं, म्हणून त्याआधी अर्धा तास आत जाऊन बसा.

खाऊ कोणता घ्यावा?

मॅजिक किंगडमच्या अलोहा आयलमधलं अननसाचं डोल व्हिप दूध नसलेलं, आंबटगोड, उन्हात सगळ्यात गोडी देणारं. मिकीच्या आकाराचं आइस्क्रीम मुलांच्या फोटोसाठी घ्यायलाच हवं, मात्र ते दहा मिनिटांत हातावर ओघळतं, म्हणून सावलीत उभं राहूनच वेष्टन काढा. पॉपकॉर्नची बादली घेतली तर सहलीच्या बाकीच्या दिवसांत थोड्या पैशांत पुन्हा भरून मिळते. चार दिवस राहणार असाल तर ती परवडते, एका दिवसासाठी नाही.

एपकॉटच्या खाद्यमहोत्सवात जेवण भागतं का?

चाखण्यासाठी उत्तम, पोट भरण्यासाठी महाग. प्रत्येक टपरीवर तीन-चार घासांची थाळी ५ ते ९ डॉलरला असते. फूड अँड वाइन फेस्टिव्हलमध्ये काही वर्षी भारताचीही टपरी होती. सहा जणांनी मिळून चार थाळ्या घ्या आणि मुख्य जेवण आधी करून ठेवा.

डायनिंग प्लॅन घ्यावा का?

हा प्लॅन म्हणजे जेवणाचे पैसे आधीच भरून ठेवण्याची योजना. तो डिस्नेच्या हॉटेलात पॅकेज घेऊन राहणाऱ्यांनाच मिळतो. जानेवारी २०२४ पासून तो परत सुरू झाला. क्विक सर्व्हिस प्लॅनमध्ये प्रत्येक रात्रीमागे माणशी दोन जेवणं, एक खाऊ आणि हॉटेलात पेय भरून घ्यायचा पेला येतो. तो पेला पार्कमध्ये चालत नाही. वाटून खाणाऱ्या, डबा नेणाऱ्या शाकाहारी कुटुंबाला हा प्लॅन सहसा फायद्याचा ठरत नाही.

भारतीय जेवणाची फारच आठवण आली तर?

अ‍ॅनिमल किंगडम लॉजच्या किदानी व्हिलेजमधल्या ‘सना’ या रेस्टॉरंटला जा. ही टेबल सर्व्हिस आहे, आरक्षण लागतं, पण वातावरण साधं असतं. तिथली ‘ब्रेड सर्व्हिस’ प्रसिद्ध आहे: नान, कुलचा, पनीर पराठा अशा रोट्या आणि सोबत नऊ प्रकारची तोंडीलावणी. खिडकीबाहेर जिराफ आणि झेब्रे चरताना दिसतात, त्यामुळे आरक्षण उजेडाच्या वेळेचंच घ्या.

जेवल्यावर लगेच राइड घ्यावी का?

मिशन स्पेसचा नारिंगी गट, कॉस्मिक रिवाइंड, एक्स्पिडिशन एव्हरेस्ट आणि टॉवर ऑफ टेरर यांच्याआधी निदान तासभर जाऊ द्या. तळलेलं खाल्लं असेल तर आणखी थोडा वेळ. त्या तासात एखादा बसून पाहायचा कार्यक्रम घ्या. मिशन स्पेसचा हिरवा गट गरगर फिरत नाही, तो जेवणानंतर सहसा चालतो.

ऑर्डर चुकली किंवा ट्रे सांडला तर?

खिडकीपाशी जाऊन लगेच, शांतपणे सांगा. चुकलेला पदार्थ बदलून देतात, आणि मुलाच्या हातून आइस्क्रीम पडलं तरी बहुधा दुसरं देतात. शाकाहारी ऑर्डरमध्ये मांस आलं तर ते बाजूला काढून खाऊ नका, पूर्ण ताट परत करून नवीन मागा. खिडकी सोडण्याआधी प्रत्येक डबा उघडून पाहिलात तर सगळ्यांना पुन्हा उठवण्याची वेळ येत नाही.